शेजारचा मिक्सर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे चेन्नईत अड्यारच्या आमच्या दोन खोल्यांत मी अभ्यासाला दार लावून बसले की आई मिक्सर लावत नसे. खोबरं, मिरच्या घेऊन ती चटणी वाटायला शेजारच्या तमिळ मामींकडे जायची. आत मी इयरफोन घालून ‘चालढकल कशी थांबवावी’ असले व्हिडिओ एकामागून एक बघत असायचे. मिक्सर मला ऐकूही आला नसता.

एका सकाळी ती निघताना मला राहवलं नाही. मी बाहेर आले.

“आई, इथेच लाव मिक्सर. मी काहीच वाचत नाहीये.”

ती दारात थांबली. “फार अवघड असेल गं ते कॉलेजचं वाचायला,” म्हणाली आणि चपला घालून गेली.

भिंतीपलीकडे मिक्सर सुरू झाला. तो थांबेपर्यंत मला पुस्तक उघडायचीही लाज वाटत होती.