हात हुंगणारी मावशी

पेशंट टेबलावर बसला की मावशी त्याचा उजवा हात ओढून घ्यायची आणि सरळ नाकाला लावायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई हात बघते की काय! हुंगून झालं की डोळ्याला डोळा भिडवून विचारायची, "निघताना हातावर काय पडला? खरा सांग."

मी तेव्हा अंधेरीच्या एका इस्पितळात हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या इकोच्या यंत्रावर नवीनच लागले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि घशातून नळी घालून हृदय बघायचं म्हणजे नवलच होतं. नळी आमची नव्हतीच. मोठे डॉक्टर दर गुरुवारी ती शहरातून पेटीत घालून आणायचे. मावशी वॉर्डातली आया. मालवणकडची, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर कामाला लागलेली. नळी घालताना पेशंटचं डोकं धरायचं, एवढंच तिचं काम.

पण खरं सांगू? ती तपासणी लोकांना समजायची ती तिच्याच तोंडून. डॉक्टरांचं बोलणं डोक्यावरून जायचं. मावशी अर्ध्या मालवणीत, अर्ध्या मुंबईच्या भाषेत उरकायची. "पुढच्या दारानं बघला तर बरगडे आड येतत. काळीज पाठीमागं अन्नाच्या नळीला टेकून आसा. म्हणून पाठच्या खिडकीतून डोकवायचं. घशाक औषध मारतत, बधिर होता. मी सांगेन तेव्हा गिळ, नाकानं श्वास घे. भिया नको, मी आसंय मां." एवढ्यावर भलेभले गप गिळायचे.

पोट रिकामं लागायचं. नाहीतर आतलं उलटून वर यायचं, फुप्फुसात जायचं, आणि माणूस हातचा जायचा. आम्ही बजावून सांगायचो. लोकही शपथेवर सांगायचे, पाण्याचा थेंब नाही म्हणून. लबाड नसायचे हो! पण आपल्याकडे दही-साखर हे कधी खाणं धरलंय का कुणी? तो शकुन. परीक्षा असो, ऑपरेशन असो, घरातून निघताना हातावर दही पडणारच. मावशी ते नाकाने पकडायची.

आणि एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. चादर झटक, पडदा ओढ, पुन्हा झटक. "बस की गं जरा," म्हटलं तर म्हणायची, "बसलंय तर गुडघे रुसतत." बघून बघून मलाच गरगरायचं.

मग एके दुपारी माझ्या बाबांचा डावा हात लुळा पडला. जीभ जड झाली. अर्ध्या तासात सगळं जिथल्या तिथे! डॉक्टर म्हणाले, हृदयात गुठळी असेल, तिचा कण मेंदूत गेला असेल. दुसरा जायच्या आत बघायला हवं. गुरुवारपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबा नुसते खोकले तरी मी त्यांना दोन्ही हात वर करायला लावायचे. "अगं, किती वेळा शरण येऊ तुला?" बाबा वैतागायचे.

गुरुवारी जोगेश्वरीच्या खोलीतून निघताना मी वाटीतलं दही घेतलं, साखर घातली आणि बाबांच्या हातावर ठेवलं. मी! जगाला उपाशी या म्हणून बजावणारी मी! आई गेल्यापासून ते काम माझंच, हात आपोआप चालला. रिक्षात बसल्यावर आठवलं. चमचाभरच तर होतं, मी स्वतःला समजावलं. आज हुकलं तर आठवडा गेला. इस्पितळात पोचल्या पोचल्या बाबांचा हात साबणाने दोनदा धुवून घेतला.

मावशीने हात हुंगला. मग बाबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "एवढो साबण कशाक? काय पडला?"

"काही नाही," मी म्हटलं. बाबा खाली बघत राहिले.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. मी मागून धावले. आता ही सांगणार, आणि माझी वाट लागणार. मावशी म्हणाली, "साहेब, चूक झाली. ह्या भाऊंका मी मघाशी चाय दिलंय."

डॉक्टर असे भडकले! "बाई, अक्कल कुठे गेली तुमची? जीव गेला असता त्यांचा!" सगळ्यांदेखत बोलले. मावशी मान खाली घालून उभी. बोलून झालं तशी म्हणाली, "पण संध्याकाळी करा साहेब. गुठळी पुढच्या गुरुवारची वाट बघूची नाय." आणि दारातून हलेचना. शेवटी पाच वाजता परत येतो म्हणाले.

"मावशी, असं का केलंस गं?"

"ओरडा खाऊन तुझो हात थरथरलो, तर संध्याकाळी यंत्र कोण धरतलो? जा, बापाकडे बस."

पाच वाजता गुठळी दिसली, बोटाच्या पेराएवढी, हलणारी. रक्त पातळ करायचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. बाबा पुढे नातवंडं खेळवून गेले.

आणि मी? दर गुरुवारी ठरवायचे, आज डॉक्टरांना खरं सांगते. दर गुरुवारी डॉक्टरच तिला विचारायचे, "काय मावशी, आज कुणाला चहा पाजला नाहीत ना?" सगळे हसायचे. एकदा मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

ती निवृत्त होऊन गावी गेली, तेव्हाही मी गप्पच होते.

पुढे कधीतरी कांदिवलीच्या बाजारात तिच्या मुलाने मला ओळखलं. "आई गेली ताई, पावसाच्या आधी." आणि मग हसून म्हणाला, "शेवटपर्यंत सांगायची, एका पेशंटला चुकून चहा पाजला होता, देवानं वाचवला म्हणून."

घरच्यांनाही तिने खरं सांगितलं नव्हतं.

"तिनं नव्हता रे पाजला," मी म्हटलं. "चूक माझी होती. दही मी दिलं होतं, माझ्या बापाला." भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभी राहून त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, हे आईसमोर सांगायला हवं होतं तुम्ही."