पायाखालची रेस

सोमवारी दादाची बोट धक्क्यावर आपटली आणि मंगळवारी सकाळपर्यंत सगळ्या बंदराला कळलं, की बारकीनं बसवलेली केबल अडकली म्हणून आपटली. हे सांगत फिरणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, तिचा सख्खा भाऊच होता. खलाशानं हात काढायला पळभर उशीर केला असता तर बोट आणि धक्का यांच्यात त्याच्या पंजाचा चुरा झाला असता.

बारकी एकावन्न वर्षांची होती, पण शेंडेफळ ते शेंडेफळ; नाव चिकटलं ते चिकटलं. वडिलांची इंजिनदुरुस्तीची शेड होती. दादानं बोट घेतली, हिनं पाने-पकडी घेतल्या. जिथं पुरुषांचा हात शिरायचा नाही तिथं हिचा शिरायचा. टपाल कचेरीतला नवरा म्हणायचा, "तू यायच्या आधी तुझा डिझेलचा वास घरात येतो," आणि मुकाट्यानं आंघोळीचं पाणी तापवायचा. बत्तीस वर्षांत तिच्या हातच्या केबलनं कुणाला दगा दिला नव्हता.

दादाच्या बोटीवरची रेस हातानं नव्हे, पायानं द्यायची. जाळं ओढताना एक हात चाकावर, एक दोरावर, म्हणून तिनंच चार वर्षांपूर्वी चाकाखाली पेडल बसवून दिलं होतं. दाबलं की केबल ओढली जाते आणि इंजिन चढतं. पाय सोडला की स्प्रिंग पेडल वर आणते आणि इंजिन उतरतं. पेडल वर आलंच नाही, तर भर समुद्रात जाळ्याच्या दोराबरोबर माणूस ओढला जाणार. आणि आज चार वाजता ओहोटी लागायच्या आत दादाला निघायचं होतं.

"आटप लवकर," तो म्हणाला. "नवी केबल टाक आणि मोकळी हो."

"जुनीचं काय बिघडलंय ते आधी बघू दे."

"अडकते. आणखी काय बिघडायचं?"

बारकी फळी उचलून पालथी झाली. इंजिनाकडचं टोक सोडवून तिनं आतली तार ओढून पाहिली. लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकली. मग तारेवरून सुती फडकं फिरवलं. एखादा धागा तुटला असेल तर फडकं अडतं. अडलं नाही. पेडलच्या बिजागरीची पिन काढली, पुसली, उजेडात धरली. गंज नाही, झीज नाही. पिन परत घालून, तार जोडून तिनं पेडल हातानं दाबलं आणि सोडलं. वर आलं, पण आळसावून आल्यासारखं.

तिनं बोटांनी स्प्रिंग चाचपली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, ही स्प्रिंग माझी नाही."

तो चाकाशी उभा राहून दोर गुंडाळत होता. "नसेल."

"ही जाळीच्या दाराची आहे. कुणी लावली?"

"मी. तुझी फार कडक होती. दिवसभर दाबून पाय भरून यायचा."

डबा घेऊन आलेली वहिनी धक्क्यावरून वाकून म्हणाली, "तरीच. आठ दिवस झाले, मागचं दार सताड उघडं राहतंय. म्हटलं, मांजरानं नेली की काय स्प्रिंग."

खलाशी हसला. बारकी हसली नाही. बर्फाच्या पेट्या खांद्यावर घेऊन चढणारा हा दादा. याला चार वर्षं जड वाटली नाही ती स्प्रिंग आत्ताच कशी जड वाटायला लागली? तिनं पेडलवरचं रबर पाहिलं. आतली कड नव्यासारखी, बाहेरची घासून गुळगुळीत. टेकवलेल्या पायानं असं होत नाही. ओढत आणलेल्या पायानं होतं.

"इंजिन चालू कर," ती म्हणाली. "दोर बांधलेलेच राहू देत. गिअर मोकळा ठेव."

"कशाला? वेळ किती झालाय बघ."

"चालू कर म्हटलं ना."

इंजिन धडधडायला लागलं. ती पेडलजवळ खाली बसून राहिली. दादा अनवाणी उभा होता, नजर समोर खलाशावर.

"दाब."

इंजिन चढलं. फळ्या थरथरायला लागल्या.

"आता पाय सोड."

आवाज चढलेलाच राहिला.

"सोडलास?"

"सोडला की. बघ, ऐकतेस ना? उतरतंय का?" त्याच्या आवाजात जिंकल्याची खूण होती. "आता तरी पटलं? सोमवारी नेमकं हेच झालं."

बारकी पाहत होती. पाय पेडलवरच होता. पंजा पुढे कलंडून त्याच्यावर सगळा भार पडला होता, ओलं पोतं टाकावं तसा. तिनं त्याचा उजवा घोटा धरला आणि पाय अलगद वर उचलला.

पेडल वर आलं. इंजिन उतरलं.

"हं, आलं," दादा समोर बघत म्हणाला. "म्हणजे अधूनमधूनच अडकते. मेली माझ्याच नशिबाला."

घोटा अजून बारकीच्या मुठीत होता. तिनं मूठ आवळली, पार नखं रुतेपर्यंत. तो खलाशाला पुढचा दोर सैल कर म्हणून खुणा करत राहिला.

"दादा, खाली बघ."

त्यानं पाहिलं. मग इंजिन बंद केलं.

"कधी धरलास?" त्यानं हळू विचारलं.

बारकीनं घोटा सोडला. वहिनी डबा खाली ठेवून बोटीत उतरली होती. "वहिनी, याची साखर कधी तपासली?"

"गेल्या वर्षी. आता ताब्यात आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"हेच म्हणतात."

वहिनीनं त्याचा तळवा वळवून पाहिला. टाचेजवळ पैशाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. "हे कधी झालं?" तिनं विचारलं. दादाला ते माहीतच नव्हतं.

"एवढी एक खेप करून येतो," तो म्हणाला. "बर्फ भरलाय, डिझेल भरलंय. उद्या सकाळी डॉक्टरकडे जातो. शप्पथ."

"आणि जाळं ओढताना पाय सोडला असं तुला वाटलं, म्हणजे?"

"खलाशी ओरडेल ना."

"ओरडायला तो शिल्लक राहिला तर," बारकी म्हणाली.

तिनं पकड घेतली, बिजागरीची पिन ओढून काढली आणि खिशात टाकली. पेडल लोळागोळा होऊन पडलं.

"बारके, पिन दे."

"देणार नाही."

"बोट माझी आहे."

"पिन माझी आहे. तुझी दाराची स्प्रिंग घेऊन जा हवी तर."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. आता हात उगारतो की काय, असं वहिनीला वाटलं आणि ती मध्ये सरकली. धक्क्यावर दोनचार माणसं थबकून बघायला लागली होती. दादानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे उभ्या असलेल्या खलाशाकडे. खलाशी आपला पंजा चोळत मान खाली घालून उभा होता.

"तिची केबल ठीक होती रे," दादा त्याला म्हणाला. धक्क्यावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग तो फळीवर बसला. वहिनीनं चपला पुढे सरकवल्या. डाव्या पायात सहज घातली. उजवीत पाय सरकवला आणि चप्पल नीट बसली की नाही, हे बघायला तो वाकला.