गुडघाभर मोह

सकाळपासून आभाळ भरून आहे, पण पडत काही नाही. वारा बंद. कपाशीचं पान हलत नाही, अन् बसल्या जागी बंडी ओली होते. ढग मारेगावच्या बाजूनं येतात, आमच्या पोडावर जरा थांबतात, पाहून घेतात अन् केळापूरकडं निघून जातात. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती. अशा दिवशी वावरात काम होत नाही अन् घरात झोप लागत नाही. मग माणसं सावलीला बसतात अन् गोष्टी निघतात.

गोष्टींचं असं आहे, एक ओढली की तिच्यात अडकलेली दुसरी येते. बोरीचा काटा काढायला जावं अन् अख्खी फांदी अंगावर यावी, तसं. त्यात आमच्या टेकडीच्या गोष्टी तर विचारू नका. पोरांसोबत त्या टेकडीवर मी तीन पावसाळे काढले. झाडांचं काय झालं ते सांगतो, पण गोष्टी मात्र एकही मेली नाही.

मला लिहिता येत नाही. मी बोलतो, माझी नात सुरेखा लिहिते. तिची चूक आली की तिचा पेन अडतो, तेवढं सांभाळून घ्या.

आधी टेकडीचं सांगतो. ती पोडाच्या मागं आहे, साऱ्या गावाच्या हक्काची. पायथ्याशी मोहाची जुनी झाडं आहेत, माझ्या आज्याच्या वेळची. वर नुसता मुरूम. लहान मोह म्हणाल तर शोधून सापडत नव्हता. सुरेखा पांढरकवड्याला बारावी करून आली, अन् ग्रामसभेत उभी राहून म्हणाली, "टेकडी आम्हा पोरायले द्या, आम्ही मोह लावतो." 

तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. तरी ज्याला त्याला आणखी वावर पाहिजे होतं. कापसानं मारलं म्हणून आणखी कापूस, असा तो काळ. त्यामुळं नाईक, म्हणजे आमच्या पोडाचा म्होरक्या, त्यानं मधला रस्ता काढला. "तीन पावसाळे देतो. झाडं दिसली तर टेकडी झाडांची. नाई दिसली तर घरागणिक वाटून कपाशी." अन् माझ्याकडं पाहून म्हणाला, "बुढ्या, तू शिकव यायले."

मी हो म्हणालो. तिथंच फसलो.

*

मोहाच्या बियाला आम्ही टोळी म्हणतो. टोळी ताजी असते तोवरच रुजते, ठेवली की संपली. हे पोरांना सांगितलं, तर पोरं दिवसभर झाडाखाली फिरून टोपलंभर टोळी घेऊन आली. जीव सुखावला. म्हटलं, आज रात्र ओल्या फडक्यात ठेवा, उद्या लावू. 

टोपलं ठेवलं गजूच्या घरी. गजू म्हणजे माझ्या शेजारच्या सोमाचा नातू. सकाळी पाऊस लागला, तो थांबेना. दोन-तीन दिवसांनी उघडला तेव्हा मी गजूला म्हणालो, "आण रे टोपलं." गजू घरात गेला तो बाहेरच येईना. मग सोमाच आला, तोंड पुसत.

"टोळी कोठी हाय, सोमा?"

"तुही वहिनी घाण्यावर घेऊन गेलती. तेल काढलं." 

"अन् लावाचं बी?"

"कालच्या वांग्याच्या भाजीत होतं गा. चांगली झालती."

पोरांनी पुन्हा टोपलं भरलं. या खेपेला ते माझ्या घरी ठेवलं, उशाशी.

*

लावायच्या दिवशी मला ताप होता. सुरेखा म्हणाली, "आजा, तुम्ही पडून राहा, आम्हाले समजते." दुसऱ्या दिवशी काठी टेकत वर गेलो अन् खालीच बसलो.

पोरांनी दोरी धरून लावलं होतं. सरळ रांगा, हातभर अंतर, उभं पाहा, आडवं पाहा, सारखंच. चौफुली. आमच्याकडं कपाशी अशी लावतात, म्हणजे दोन्हीकडून डवरा, बैलाचं कोळपं, चालवता येतं. पोरं जन्मल्यापासून कपाशीच पाहत आली, त्यांना दुसरं लावणं ठाऊक नव्हतं.

मी गजूला विचारलं, "लेका, खालचा मोह पाह्यला ना? त्याच्या सावलीत किती बैल बसतात?"

"धा-बारा बसतात."

"मंग या हातभरात एक बैल कसा बशीन?"

गजूनं रांगेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "बैल विकले ना आजा, बाबानं."

*

जे उगवलं ते उगवलं. मी पोरांना समजावलं की टेकडीला तिचीही झाडं येतात. ऐन येतो, बेहडा येतो, चारोळी येते. जुनी मुळं जमिनीत असतात, राखण केली तर ती डोकं काढतात. त्यांना हात लावू नका. पोरांनी माना हलवल्या. माना हलवण्यात आमची पोरं पक्की.

श्रावणात मी लेकीकडं नेरला गेलो. चार दिवस राहून आलो, तर पोरं एसटीच्या थांब्यावरच उभी. तोंडावर हसू. म्हणे, "आजा, आधी टेकडीवर चला, मंग घरी." 

वर गेलो. टेकडी खुरपून काढली होती. गवत नाही, वेल नाही, ऐनाचं रोप नाही, चारोळीचं नाही. नुसता तांबडा मुरूम अन् त्यावर मोहाची दोन-दोन पानं.

"पाहा कसं सोच्छ वावर दिसून राह्यलं," सुरेखा म्हणाली. हाताला फोड आले होते तिच्या. तेच मला दाखवत होती.

मी म्हणालो, "बेस केलं, माय." आता सांगा, मी काय बोलायला पाहिजे होतं? ऐनाचं मी तिला आठ दिवसांनी सांगितलं. तिनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणे, त्याच दिवशी काहून नाही सांगितलं.

(इथं पेन अडला होता.)

*

मग बकऱ्या. बकऱ्या सोमाच्या. मी सोमाला सांगितलं, सोमा म्हणाला, "हाओ, पाहतो." दुसऱ्या दिवशी बकऱ्या पुन्हा वर. गजूनं शेवटी टिनाचा पत्रा आणला, निळा रंग आणला, अन् मोठ्या अक्षरात बोर्ड लिहून पायवाटेवर ठोकला. मी विचारलं, काय लिहिलं? तर म्हणे, 'येथे गुरे-बकऱ्या चारू नयेत'.

संध्याकाळी सोमा त्याच बोर्डाला पाठ टेकून बसलेला. बकऱ्या मोहात.

"अरे सोमा, बोर्ड लावला ना पोरानं. तुह्याच नातवानं."

सोमानं मान वळवून बोर्डाकडं पाहिलं. "मले वाचता येत नाई. तुले येत नाई. बकरीले येत नाई. मंग लिवला कोनासाठी?"

मी गजूला म्हणालो, बाबा, पत्रा काढ अन् बोरीचे काटे टाक. बोरीचा काटा सगळ्यांना वाचता येतो.

*

दुसऱ्या वर्षी यवतमाळहून एक सर आले. चांगला माणूस. पाणी घालायला त्यांच्या संस्थेनं कॅन दिले होते, त्याचा फोटो पाहिजे होता. पण मोह पडला वीतभर, अन् गवत कमरेपर्यंत. सर इकडून पाहतात, तिकडून पाहतात. "काका, झाड फोटोत दिसायला पाहिजे हो." मी म्हणालो, "सर, दिसंन, पण टाइम लागते." सर म्हणाले, पुन्हा येतो पुढच्या महिन्यात.

महिन्यानं आले, तर टेकडीच्या तोंडाशी पुरुषभर उंच झाडांची रांग. माझे तर डोळेच फिरले. सरांनी फोटो काढले, गजूच्या पाठीवर हात ठेवला, चहा पिऊन गेले. 

"गजू, हे काय हाय बे?"

"पांगाऱ्याच्या फांद्या रोवल्या, आजा. आज तोडल्या नाल्यावरून. उद्या उपटून टाकतो."

मी त्याला एवढं बोललो की दोन दिवस तो माझ्या समोर आला नाही. उपटायचंही राहून गेलं. अन् पांगारा असा हलकट, की फांदी खोचली तरी मूळ धरतो. गजूच्या खोट्या झाडांच्या साऱ्या फांद्यांना पालवी आली. आम्ही खतपाणी करून, हात जोडून लावलेली खरी झाडं मात्र अजून वीतभरच. 

"आता काय करू, आजा? उपटू का?" गजूनं विचारलं.

जगलेलं झाड उपट म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?

*

मोहफुलाचा टाइम आला की बाया झाडाखालचा पाला पेटवतात. जमीन साफ झाली की फूल वेचायला सोपं. आमच्या आया, आज्या सगळ्या असंच करत आल्या. आग जरा पसरते, विझते, कोणी मागं वळून पाहत नाही. अन् त्याच आगीत मोहाचं बाळरोप जातं. लहान मोह कुठंच का दिसत नाही, याचं उत्तर हेच आहे. वर्षानुवर्षं आम्हीच फुलासाठी झाड जाळत आलो.

सुरेखानं त्या वर्षी ठरवलं, आग लागू द्यायची नाही. घरोघर फिरली. "काकी, पाला झाडून काढा, पेटवू नका." "मामी, मी येतो झाडाले." एकेका बाईकडून तिनं शब्द घेतला. आठ दिवसांत तिचा घसा बसला.

नवव्या दिवशी पहाटे टेकडीवर धूर. आम्ही पळत गेलो. ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली, पण अर्धी टेकडी काळी झाली होती. गजूचे पांगारे गेले, मोहाच्या रोपांच्या काड्या झाल्या. धुरातून खाली आलो, तर आमच्या मोहाखाली माझी सून फूल वेचत बसलेली. सुरेखाची माय. टोपलं अर्धं भरलेलं.

"माय, तू पेटवलं?" 

"हाओ. काऊन वं?"

"मी आठ दिवस घसा फोडून राह्यली ना पेटवू नका म्हणून."

"थे तू लोकायले सांगून राह्यली होतीस. मले कुठं सांगतलं?"

सुरेखा मटकन बसली अन् रडायला लागली. मी तिला म्हटलं, मोहाचा जीव खाली असतो, पाऊस येऊ दे. ती म्हणाली, "आजा, तुमचं सगळं पावसावरच असते." 

पाऊस आला. काही काड्यांना बुडातून तांबडी पानं फुटली. सगळ्यांना नाही.

*

तिसरा पावसाळा संपला. नाईकानं ठरल्याप्रमाणं सारं पोड टेकडीवर नेलं. पोरं न जेवता आली होती.

मोह होते. पण होते गुडघाभर, अन् तेही इथं एक, तिथं दोन. नाईक गवत बाजूला सारत फिरला. सोमा बोलला. तो बोलणार हे मला ठाऊक होतं, त्याचं वावर टेकडीला लागून आहे. 

"पाह्यलं सगळ्यायनं. मोहाले फूल याले धा-पंधरा साल. आपल्यातलं कोण राह्यते, कोण नाई. कपाशी सहा महिन्यात घरी येते. वाटून टाका."

बरेच जण 'बरोबर हाय' म्हणाले. मी पोरांकडं पाहायचं टाळलं. नाईक नाल्याच्या अंगाला एका रोपाजवळ थांबला होता. त्यातल्या त्यात तेच जरा टणक होतं. त्यानं सहज विचारलं, "हे कोनाच्या मोहाखालचं हाय?"

आता आमच्याकडं जमीन गावाची असली तरी मोह घराचा असतो. कोणत्या झाडाचं फूल कोणत्या घरानं वेचायचं, हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं. नाईकाच्या तोंडून ते निघालं अन् माझी सून म्हणाली, "आमच्या मोहाच्या वरच्या अंगाले हाय, म्हंजे आमचं."

सोमाची बायको म्हणाली, "वा वं! बी कोनाच्या झाडाचं? टोपलं भरलं आमच्या मोहाखाली. आमचं हाय थे."

"रात्रभर टोपलं होतं कोनाच्या घरी? आमच्या बुढ्याच्या उशाशी."

तिसरी बाई म्हणाली, राखण माझ्या पोरानं केली. चौथी म्हणाली, त्या आडव्या रांगेतलं तरी आमचं धरा. बाया गवतात शिरल्या. ज्या रोपांना आम्ही तीन वर्षं शोधून पाणी घालत होतो, ती त्यांनी घटकेत सगळी शोधून काढली. कोणी खूण म्हणून दगड ठेवला, कोणी लुगड्याची चिंधी बांधली. ती चिंधी दुसरीनं सोडली. मग जे जुंपलं, ते मी बापजन्मात पाहिलं नाही. नाईक "ऐका, ऐका" म्हणत राहिला, त्याचं कोण ऐकतं? दोन घरांचं येणंजाणं त्या दिवशी तुटलं, ते अजून जुळलं नाही. मला एवढा वैताग आला की मी दगडावर जाऊन बसलो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा नाईकानं हात टेकले. "टेकडी ऱ्हाऊ द्या जशी हाय तशी. आधी हे भांडण मिटवा, मंग पाहू." कपाशीचं नाव कोणी काढलंच नाही. सुरेखा खाली बसली अन् हसत सुटली. 

दिवस बुडता सोमा माझ्या अंगणात आला. माझ्याहून तो दोन-तीन वर्षांनी मोठा, तोंडात दात नाही, गुडघ्यानं अधू. बाजेवर बसला, बराच वेळ तंबाखू मळत राहिला. बायको कुठं आसपास नाही हे पाहिलं अन् माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 

"माहं कोनतं थे मले आजच दाखवून ठेव गा. फूल पडाले लागलं का मंग कोनी आयकत नाई."