याडी म्हटलं की गाडी

आष्ट्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दिवाळीनंतर पट वाढतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि माझ्या तिसरीच्या वर्गात भाषांची गर्दी होते. गावातली मुलं ‘हाय-न्हाई’ बोलणारी, जतकडची कानडी मिसळून बोलणारी, तोडकऱ्यांची काही बंजारा मुलं घरी त्यांची गोरमाटी बोलणारी. मी शिकवायची ते पुस्तकातलं मराठी यांच्यापैकी कुणाच्याच घरी बोललं जात नाही.

मध्यंतरी शाळेला टॅब मिळाले. मुलानं मोठ्यानं वाचायचं, टॅबनं ऐकायचं आणि चुकलेला शब्द लाल करायचा. माझी डी.एड.पासूनची मैत्रीण मिरजेला भावी शिक्षकांना शिकवते. ती म्हणाली, नुसतं वापरायला नको, तपासूया. मग शनिवारी ती एसटीनं यायची आणि शाळा सुटल्यावर आम्ही दोघी टॅबमध्ये साठलेलं मुलांचं वाचन पुन्हा पुन्हा ऐकत बसायचो. मुलं वाक्य नीट वाचत होती, विचारलं तर अर्थही सांगत होती. पण ‘आम्ही’चं ‘आमी’ झालं की टॅब लाल. लाल दिसलं की मूल गप्प. त्या गप्प बसण्याची सवय आम्ही आमच्या हातानं लावत होतो.

वर्गात एक बंजारा मुलगी होती. आल्यापासून ती मान हलवण्यापलीकडे काही बोलली नव्हती. आईवडील उसाच्या फडातून परतेपर्यंत ती शाळेतच थांबायची. एका शनिवारी मैत्रिणीनं तिला जवळ बसवलं, आईचं चित्र दाखवलं आणि बोललेलं लिहून घेणारी सोय टॅबवर सुरू केली. घरी हिला काय म्हणतेस, असं विचारलं. मुलगी हळूच म्हणाली, ‘याडी’. पडद्यावर उमटलं ‘गाडी’. तिनं ते वाचलं. पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. पुन्हा ‘गाडी’. मग तिनं टॅब माझ्यापुढं सरकवला.

“बाई, ह्याला येत नाही.”

माझ्याशी ती बोललेलं ते पहिलं वाक्य. मैत्रीण खुशीत हसली आणि तिथंच आमची दिशा ठरली. आता टॅबनं चुकायचं आणि मुलांनी त्याला सुधारायचं.

सोमवारपासून मुलं घरातला एकेक शब्द टॅबला ऐकवू लागली. तो जे काही लिही ते खोडून फळ्यावर बरोबर लिहायचं, शेजारी पुस्तकातला शब्द. पुढं त्यांच्या गोष्टीही आम्ही त्यांच्याच आवाजात भरून घेतल्या. त्या मुलीनं चिखलात बसलेला बैल कसा उठवला ते गोरमाटीत सांगितलं, मग मराठीत. गावातली पोरं तिच्याभोवती गोळा होऊन शब्दांचे अर्थ विचारू लागली. पुस्तकाचं पान काढलं की मी विचारायच्या आधीच वाचायला हात वर येऊ लागले.

सांगलीच्या शिक्षण परिषदेत आम्ही हे मांडलं. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी विचारलं, परीक्षेत मुलं बोलीतच लिहायला लागली तर? मैत्रीण कागद चाळत होती. मी उभी राहिले.

“कुठं कसं बोलायचं ते मुलांना कळतं, साहेब. वर्गात या आणि त्यांनाच विचारा.”

साहेब खरंच आले, मागच्या बाकावर बसले. त्यांनी त्या मुलीला धडा वाचायला सांगितला. ती सावकाश, न अडखळता वाचत गेली. तोच धडा तिच्या भाषेत सांगायला लावला, तोही तिनं सांगितला, आणि मध्ये थांबून एका शब्दाचा अर्थ त्यांना समजावला. निघताना साहेब जतच्या मुलांशी कानडीत काहीतरी बोलले. मुलं खुदकन हसली आणि त्यांना उत्तरं देऊ लागली.

कारखान्याचा हंगाम संपला तेव्हा मुलीची आई तिला न्यायला आली. मी तिला लेकीच्या आवाजात भरून घेतलेली बैलाची गोष्ट ऐकवली. ती पदर सावरत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“घरी लई बोलती ही,” ती म्हणाली. “शाळेत बोलती, हे आजच ऐकलं.”

मागच्या महिन्यात आम्हा दोघींना खंडाळ्याला, औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाळेत बोलावलं होतं. तिथं परराज्यांतून कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं आहेत, त्यांच्या भाषा आम्हाला अजिबात येत नाहीत. तिथल्या शिक्षकांना आम्ही सांगितलं, टॅब बाजूला ठेवा, आधी पोरांकडून चार शब्द शिकून घ्या. आम्हीही मुलांसमोर खाली बसलो आणि शिकायला लागलो.