आक्कांची फोनवरची मराठी

सीमाभागातल्या वडगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या आक्कांचा यंत्रमाग बंद पडला, तेव्हा त्या चाळिशीत संगणक शिकल्या. आता घरीच हेडफोन लावून एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतात. समोरचा कन्नड बोलला तर कन्नड, हिंदी बोलला तर हिंदी. मराठी मात्र कंपनीने पढवलेली, "मी आपली काय मदत करू शकते?" अशी. फोन ठेवला की लगेच मला, "च्या पिलास काय रं?"

परवा मी तिथंच होतो. निपाणीकडच्या एका म्हाताऱ्यांना ॲप उघडेना आणि आक्कांची शुद्ध मराठीही कळेना. ते रडकुंडीला आले. कंपनीची मराठी बाजूला ठेवून आक्का म्हणाल्या, "आप्पा, घाबरू नगासा. आदी ते हिरवं बटण दाबा बघू."

काम झालं, पण आक्कांचा चेहरा उतरला. "सगळं रेकॉर्ड हुतंय रं. आता काढत्यात मला."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आक्कांनी तो उभ्यानंच ऐकला आणि मग माझ्याकडे बघून हसत सुटल्या.

"नव्या पोरींना असंच बोलायला शिकवा म्हणत्यात. आता आपलं बोलणं शिकवायचं कसं रं?"