पुंडलिकरावांची पाण्याची बाटली

मी चुकीच्या झाकणावर सही केली. निळ्या शाईने, तारखेसकट. आणि सही झाल्यावर समाधानाने चहा मागवला.

कारंजा लाडच्या बाहेर कीटकनाशकं बनवणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथे मी रेग्युलेटरी अफेअर्स मॅनेजर आहे. म्हणजे औषधाच्या नोंदणीचे कागद सरकारकडे धाडायचे, परवाने वेळेत नवे करून घ्यायचे आणि बाटलीवरच्या लेबलात मंजूर मजकुराबाहेरचा स्वल्पविरामसुद्धा घुसू द्यायचा नाही. कारखान्यात काहीही बदललं की माझ्याकडे एक फॉर्म येतो. झाकणाचाही आला. जुना पुरवठादार बंद पडला होता, नव्याचं झाकण त्याच आट्यांवर बसत होतं, फक्त जरा उंच होतं. फॉर्मवर प्रश्न होता, या बदलाने लेबलातल्या मजकुरावर परिणाम होतो का? लेबलात झाकणाचा उल्लेखच नव्हता. मी ‘नाही’ लिहिलं. इतकं बिनचूक उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

पॅकिंगचे सुपरवायझर पुंडलिकराव यांना मात्र ते पटलं नाही.

पुंडलिकराव इंझोरीचे. घरची थोडी शेती, ती मोठे भाऊ पाहायचे, आणि हे रोज सकाळच्या एस.टी.ने कामावर यायचे. गळ्यात दुपट्टा, पायात टायरच्या चपला. मी रुजू झालो त्या आठवड्यात माझं पहिलं माहितीपत्रक छापून आलं. बारा घड्यांचं. ते मी कौतुकाने त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, एका बाटलीत साधं पाणी भरलं, तिला आमचं लेबल चिकटवलं आणि मला घेऊन फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथे एक अनोळखी शेतकरी बशीने चहा पीत होता.

"भाऊ, फवारनीच्या पंपात औषध कसं टाकता, दाखवा बरं मले," म्हणत त्यांनी बाटली आणि माहितीपत्रक दोन्ही त्याच्या हातात दिलं.

त्या माणसाने माहितीपत्रक बाकावर अंथरलं, त्यावर बशी ठेवली, बाटलीचं झाकण काढलं, काठोकाठ भरलं आणि बादलीत ओतलं. "एक पंप, एक झाकन. त्यात काय दाखवाचं?"

माझ्या बारा घड्यांवर चहाचा गोल डाग पडला होता.

प्रत्येक नव्या मालाची पुंडलिकराव अशी परीक्षा घ्यायचे. तिची कुठे नोंद नव्हती. मी एकदा अधिकारवाणीने विचारलं, "हे कोणत्या रजिस्टरमध्ये लिहिता?"

"रजिस्टर कायले पाह्यजे, साहेब? तो काय रजिस्टर पाहून फवारते?"

टपरीचा तो किस्सा मी पुढे ऑफिसात नकलेसकट बऱ्याचदा सांगितला. लोक हसायचे. म्हणजे इथला माणूस औषध झाकणाने मोजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, वर त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. तरी फॉर्म समोर आला तेव्हा मला फक्त लेबल आठवलं.

नव्या झाकणांच्या बाटल्यांचा ट्रक शिरपूरकडच्या दुकानांसाठी भरून उभा होता. फवारणी ऐन भरात होती. निघण्याच्या कागदावर पुंडलिकरावांची सही हवी होती आणि ते ती करत नव्हते. मी तणतणत गेलो. त्यांनी प्रयोगशाळेतून मोजपात्र आणून ठेवलं होतं. जुनं झाकण पाण्याने भरून ओतलं, वीस मिलि. लेबलात पंपाला तेवढंच सांगितलेलं. मग नवं झाकण ओतलं. पाणी पस्तिसाच्या रेघेवर जाऊन थांबलं.

"पण लेबलवर स्पष्ट लिहिलंय, मोजून घ्या म्हणून," मी म्हणालो. "कायद्याने आपण बरोबर आहोत."

"बरोबरच हा तुमी. कागद एकदम बरोबर हाये. पन ह्या कागदात मानूस कोठी हाये, ते दाखवा मले."

मग ते ट्रककडे पाहत म्हणाले. "माह्या मोठ्या भावाले एक डाव फवारताना औषध जास्त झालं होतं. वावरातच पडला. वाचला बिचारा, पन अजून चहाचा कप दोन हातानं धरते."

मालकांचा फोन आला. ट्रक ताबडतोब सोडा, नाहीतर पुंडलिकला घरी बसवा. पुंडलिकरावांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. निरोप ऐकून ते ट्रकच्या फाळक्यावर चढून बसले आणि डबा उघडला. "घरीच बसाचं हाये, तं जेवून जातो."

आता ट्रक थांबवू शकणारा कागद एकच होता, माझा. मी टेबलाशी बसून लिहिलं, ‘झाकणाच्या आकारमानासंदर्भात पुनर्विचार होणे इष्ट वाटते.’ खाली येऊन त्यांना वाचून दाखवलं.

त्यांनी घास गिळला. "चूक कोनाची, ते नाई समजलं."

मी वर गेलो. ‘अनवधानाने’ घातलं. ‘संबंधितांकडून’ घातलं. चूक मान्य करताना स्वतःला वाक्याबाहेर ठेवायला मराठीत केवढी सोय आहे, ते त्या दुपारी कळलं. त्यांचं ताक पिऊन झालं तेव्हा कागदावर उरलं ते एवढंच: ‘चूक माझी आहे. माल थांबवा.’ तो कागद मालकांना पाठवला. नंतर फोनवर मी काय काय ऐकलं, ते इथे छापण्याजोगं नाही. पण ट्रक रिकामा झाला, आणि पुंडलिकराव दोन महिने पुरे करून, हारतुरे घेऊन घरी गेले.

मागच्या हिवाळ्यात ते वारले. मला उशिरा कळलं. इंझोरीला गेलो तेव्हा त्यांचे मोठे भाऊ ओसरीवर दोन हातांनी कप धरून बसले होते. मी पुंडलिकरावांच्या पत्नीशी, शांताबाईंशी बोललो. सांगितलं की त्यांच्यामुळे मी शिकलो, आता प्रत्येक बाटली पाण्याने भरून मीच टपरीवर नेतो. बोलताना माझं लक्ष खिडकीकडे गेलं. तिथे ते उंच झाकण होतं, कोरं, कारखान्यातून आणलेलं. त्यात शर्टाच्या गुंड्या ठेवलेल्या.

"हे जपून ठेवलं त्यांनी?" मी झाकण अलगद उचललं.

"हो नं. आल्यागेल्याले दाखवत." शांताबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. "म्हनत, आमच्या साहेबाचं सारं शिक्षन ह्या झाकनात मावते, अन् वरून गुंड्यायले जागा उरते."