बाईंचं 'कावून?'

अंजनगावजवळच्या आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत चौथी बाईंकडे, तिसरी माझ्याकडे. दोन्ही वर्ग एकाच खोलीत. धडा बोंडअळीचा असो की मधमाशांचा, वाचून झाला की बाई खडू कानामागे खोचायच्या. "लेखक काय सांगून राह्यला? एका दमात सांगा." कुणी "मधमाशी" म्हटलं की म्हणायच्या, "ते नाव झालं. सांगनं काय हाय?" बरोबर उत्तरालाही शाबासकी नाही, नुसतं "कावून?" मग असं का म्हणतोस ते पोरानं धड्यातल्या वाक्यावर बोट ठेवून दाखवायचं. मला तो जाचच वाटायचा.

परवा तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. पोरांशी गोड बोलत राहिले. पुढल्या वर्षी मोठ्या गावात मोठी इमारत, संगणक, न्यायला-आणायला गाडी, नवे मित्र. पोरं खूश झाली.

बाईंनी खडू कानामागे खोचला.

"सायेब काय सांगून राह्यले? एका दमात."

"मोठी शाळा!"

"ते नाव झालं."

मागच्या रांगेतली एक पोर सावकाश उठली. "आपली शाळा बंद होऊन राह्यली, बाई."

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकलं.

"कावून?" बाईंनी विचारलं. या वेळी पोरीला नाही.